पाठी बघणारी मरळ

शर्यतीत उतरलेला माणूस पुढे बघतो. मरळ मागे बघायची.

शिट्टी वाजली की आम्ही सगळ्या धाडकन पाण्यात पडायचो आणि हातपाय झाडत सुटायचो. मरळ केव्हाच आमच्या पुढे निघून गेलेली असे. मग मध्येच तिचं काळं कुळकुळीत डोकं पाण्यातून वर येई, मान मागे वळे आणि हाक येई, "हाय का?" मागून तिची धाकटी बहीण बारकी ओरडे, "हाय!" की मरळ पुन्हा पाण्यात. एवढा वेळ फुकट घालवूनही ती पहिली यायची आणि मी दुसरी. पूर्वी हे सांगताना मला लाज वाटे. आता वाटत नाही. मरळीच्या मागे दुसरं येणं हेही काही सोपं काम नव्हतं.

तिचं शाळेच्या हजेरीतलं नाव वेगळं होतं, पण मरळ हेच तिला चिकटलं. रोह्याच्या बाजारात तिची आई नदीचे मासे घेऊन बसायची आणि ही पोर शेजारी. एका गिऱ्हाइकाने चेष्टेत विचारलं, "मरळ केवढ्याला? आणि ही शेजारची मरळ केवढ्याला?" झालं, वर्गात सोमवारी पोरांच्या तोंडी तेच. दुसरी एखादी रडली असती. हिने ते नाव घेतलं आणि मिरवलं. "मरळ चिखलात पन जगते," ती म्हणायची. "पानी आटला तरी वाट बघत पडून ऱ्हाते. तुमची पापलेटा बर्फात मरून येतात, त्यांचा कवतिक तुमाला." मी पापलेटवाल्यांच्या घरातली. तेव्हापासून ती मला पापलेट म्हणायची.

तिची वाडी नदीच्या पलीकडे होती. कातकऱ्यांची वाडी, कुडाची घरं, वर पेंढा. दिवाळी झाली की अर्धी वाडी कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर जायची आणि पाऊस तोंडावर आला की परतायची. त्यामुळे मरळीची शाळा म्हणजे पावसाळ्यापुरती. मास्तर हजेरी घेताना तिच्या नावापाशी थांबायचे आणि कुणी काही बोलायच्या आत पुढे जायचे. पण नदी बारा महिन्यांची होती. त्या वाडीतली पोरं चालायला कधी शिकली आणि पोहायला कधी, हे त्यांच्या आयांनाही सांगता आलं नसतं.

ती "हाय का?"ची हाक वाडीतलीच. पावसात आमची कुंडलिका नदी चहासारखी गढूळ होते, स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. अशा पाण्यात ही माणसं दगडांखाली हात घालून मासे चाचपतात. अख्खं घर एका रांगेत उतरतं, पुढे जाणती बाई, मागे पोरंबाळं. पुढचीने मध्येच हाक द्यायची आणि मागच्याने "हाय" म्हणायचं. उत्तर आलं तर पुढे जायचं. उत्तर नाही आलं तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि पुढचीने मागे फिरायचं, मग हाताशी आलेला मासा सुटला तरी बेहत्तर. मरळीला हे कुणी शिकवलं नव्हतं. श्वास घेतो तशी ती पाण्यात हाक द्यायची. आमच्या घरात आई दाराबाहेर पडताना देवाला हात जोडायची, तसंच ते.

तिला पोहणारी म्हणून पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या पी.टी.च्या सरांनी. सर देशावरचे, नव्याने बदलून आलेले, हौशी. घाटावर पाय धूत असताना त्यांची एक चप्पल वाहून गेली. पाऊस चांगला चाललेला, नदीला ओढ. सर "अरे अरे" करेपर्यंत ही पोर कपड्यांनिशी पाण्यात शिरली, वळणापर्यंत गेली आणि चप्पल दातांत धरून प्रवाहाला तिरकी कापत परत आली. सरांनी चप्पल हातात घेतली पण पायात घालायचं भान त्यांना राहिलं नाही. एका पायात चप्पल, एक हातात, असे ते तिच्या मागोमाग वाडीपर्यंत चालत गेले. रोह्यात तेव्हा ही गोष्ट पुष्कळ दिवस चघळायला पुरली.

मग आमचा सराव सुरू झाला. रोह्यात पोहण्याचा तलाव नव्हता, होता तो नदीचा डोह. सरांनी दोन काठांना दोर बांधून त्याचाच तलाव केला. आम्ही गावातल्या चार-पाच मुली, मरळ आणि मरळीची शेपटी म्हणून बारकी. बारकीला शर्यतीत रस नव्हता. ती यायची ताईचे कपडे सांभाळायला, आणि कपडे दगडाखाली ठेवून आमच्या मागून पोहायची. सरांच्या बायकोने मरळीला पोहण्याचा पोशाख शिवून दिला. तो घालून बाहेर आल्यावर ती जी गुडघे जवळ घेऊन बसली ती उठेना. शेवटी बारकी म्हणाली, "पान्यात चल गो, पान्यात कोन बघतंय?" आणि तिला ढकलूनच दिलं.

पहिल्यांदा आम्ही मुंबईच्या तलावात शर्यतीला गेलो तेव्हाची गंमत आठवते. निळं पाणी, तळाच्या फरशा मोजता येतील असं स्वच्छ. मरळीने ओंजळीत घेऊन वास घेतला आणि नाक मुरडलं. "दवाखान्याचा पानी हाय." मग काठावर बसून बराच वेळ बघत राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "ह्यो पानी कुठंच जात नाय गो. ह्याला कटाळा येत नसल?" शर्यतीत ती डावीकडे कलून पोहली, कारण जन्मभर नदी तिला उजवीकडे ढकलत आलेली. सगळा वेळ तिचा दंड दोरीला घासत होता. मध्ये थांबून "हाय का?" विचारायलाही ती चुकली नाही. बारकी रोह्याला होती, त्यामुळे उत्तर मी दिलं, तोंडात पाणी जाऊन ठसका लागला ते वेगळंच. एवढं सगळं करून मरळ तिसरी आली. सर कपाळाला हात लावून बसले होते, पण मी पाहिलं, त्या हाताच्या आड ते हसत होते. ही मुलगी न थांबता सरळ पोहली तर कुठवर जाईल, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात सुरू झालेला होता.

सरळ पोहायला ती लवकर शिकली. मागे बघायचं मात्र सुटेना. सरांनी समजावलं, रागावले, काठावरून ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. "शर्यतीत मागे बघायचं नसतं, मागचा माणूस तुझा कोणी नसतो!" मरळ ऐकून घ्यायची. "व्हय सर," म्हणायची, आणि पुढच्या फेरीला पुन्हा मान मागे. मला विचारल्यावर म्हणाली, "त्यांना नाय कलत. पाठी कोन नसल तर मंग पुढं कशाला जायाचा?"

तेव्हा सरांनी दुसरी वाट काढली. त्यांनी बारकीला बोलावून सांगितलं, "ताईने हाक दिली तरी तू गप्प राहायचं. उत्तर मिळत नाही असं झालं की तिची सवय आपोआप जाईल." मी तिथेच ओले केस पिळत उभी होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सरांनी मलाही तेच सांगितलं, पण त्याची गरज नव्हती, मरळीच्या मागे पोहताना मला असा दम लागलेला असे की बोलायला तोंड होतंच कुठे.

बारकीला हा नवा खेळ सापडला. पहिल्या दिवशी मरळीने हाक दिली, उत्तर आलं नाही. ती गरकन वळली आणि अशा वेगाने मागे आली की तो वेग शर्यतीत लावला असता तर सर नाचले असते. बारकी गाल फुगवून, तोंड मिटून, डोळ्यांनी हसत पाण्यात उभी. मरळीने तिला एक चापट मारली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे पुढे मरळ अर्ध्यातूनच परत पुढे वळू लागली. मग नुसतं मागे बघून पुढे जाऊ लागली. त्या वर्षी दिवाळीनंतर आईबाप भट्टीवर गेले तेव्हा सरांनी हातापाया पडून दोघी मुलींना म्हाताऱ्या आजीपाशी वाडीत ठेवून घेतलं होतं. थंडीभर सराव चालला. थंडी संपता संपता मरळीची हाक अगदी बारीक झाली, आणि उत्तराची वाट बघणं पार थांबलं. सरांनी आम्हा सगळ्यांना गरम भजी खाऊ घातली. बारकीने सर्वांत जास्त खाल्ली, कारण कामगिरी तिचीच होती.

उन्हाळ्याच्या शेवटी, भट्टीवरची माणसं वाडीत परतली त्याच सुमारास, पुण्याला राज्याच्या स्पर्धा झाल्या. अंतिम शर्यतीत मरळ आणि मी शेजारी शेजारी होतो. तिने पाण्यात डोकं घातलं ते वर काढलंच नाही. मी तिच्या पायांचा फेस बघत पोहत होते, आणि फेस लांब लांब जात होता. ती भिंतीला पोचली तेव्हा बाकी सगळ्या अजून पाण्यात होत्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मरळीने टाळ्यांकडे पाहिलं नाही, फळ्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीला पाठ लावून वळली आणि येणाऱ्या माझ्याकडे बघत ओरडली, "हाय का?" शर्यत संपली होती, आता विचारायला हरकत नव्हती. मी भिंतीला हात लावला, धापा टाकत म्हटलं, "हाय गो बाय, हाय." तेव्हा कुठे ती हसली.

तिची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली. स्पर्धा गणपतीनंतर कलकत्त्याला होती. मी राखीव. रोह्यात एस.टी.तून उतरलो तर वाडीतली माणसं ढोलकी घेऊन स्टँडवर आलेली. मरळीने पदक आईच्या गळ्यात घातलं. आईने ते बघितलं आणि काढून बारकीच्या गळ्यात घातलं. मग बारकी ते काढीचना. पदक घालून पाणी भरायला जायची, पदक घालून लाकडं आणायची. बाजारात कुणी विचारलं तर ऐटीत सांगायची, "ताय जितली. पन शिकवला मी."

श्रावणात पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. दोघी बहिणी वाडीपलीकडच्या शेतांवर मुठे धरायला गेल्या. मुठे म्हणजे भातखाचरातले खेकडे, त्यांचं कालवण वाडीत फार आवडीचं. परत येताना वाटेतला ओढा पार करायचा होता. जाताना कमरेएवढा होता, येताना वर डोंगरात कुठे पाऊस पडलेला, पाणी गळ्याशी आलेलं. पोहणाऱ्यांना त्यात विशेष काही नाही. मरळ पुढे, मागे डोक्यावर टोपली घेऊन बारकी. मध्यावर आल्यावर मरळीने हाक दिली, "हाय का?"

उत्तर आलं नाही.

मरळ हसली. बारकीने गाल फुगवले असणार, असं तिला वाटलं. ती तशीच पुढे पोहत गेली, काठाला लागली आणि मग वळली. मागे नुसतं पाणी होतं. बऱ्याच खाली मुठ्यांची टोपली गिरक्या घेत चालली होती.

हे तिने मला एकदाच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी. त्या वेळी आम्हाला एवढंच कळलं की मरळीची बहीण ओढ्यात गेली. दुसऱ्या दिवशी मरळीनेच तिला शोधून काढलं. ओढा नदीला मिळतो तिथे काठच्या झाडाच्या मुळ्या पाण्यात उतरल्या आहेत, त्यांच्यात हाताने चाचपत, मासा शोधतात तसं. बाकी कुणाला तिने पाण्यात उतरू दिलं नाही. बारकीला वाडीच्या वरच्या अंगाला मातीत ठेवलं. पदक तिच्या गळ्यातच राहू दिलं.

गणपती झाले आणि सर कलकत्त्याला जायची तयारी करून वाडीत गेले. मी त्यांच्याबरोबर होते. सर बोलायला चाचरत होते. "बेटा, दुःख आहेच. पण बारकीलाही हेच वाटलं असतं, तू जावंस असं." मरळ अंगणात भात पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. अगदी सावकाश, राग नसलेल्या आवाजात ती म्हणाली, "सर, तुमी सांगितला पाठचा आपला कोन नसतो. मी शिकले. तिनं पन शिकला, गप ऱ्हायाचा. दोगी पास झालो." आणि पुन्हा पाखडू लागली.

सर होते तिथेच खाली बसले, चिखलात. धोतर नव्हतं की सावरायला काही नव्हतं, चांगली इस्त्रीची पँट होती, ती चिखलात बुडाली. मरळीच्या आईने त्यांना पाणी आणून दिलं. ते पाणी पिऊन सर उठले, आणि तशाच चिखलाच्या पँटने रोह्यापर्यंत चालत आले. सरांना मी दोष देत नाही. तेव्हा दिला नाही, आजही देत नाही. जगात सगळीकडे पोहणं असंच शिकवतात, आणि शर्यत जिंकायची तर दुसरं काय शिकवणार? पण त्या वर्षाच्या अखेरीला सरांनी बदली मागून घेतली. पुढच्या शाळेत ते मुलांना कबड्डी शिकवत, असं कानावर आलं. कबड्डीत मुलाला दम असेपर्यंत बोलत राहावं लागतं, तोंड मिटलं की खेळ संपला. सरांनी तो खेळ का निवडला असेल हे मला कुणी सांगायला नको होतं.

कलकत्त्याला मरळीच्या जागी मी गेले आणि शेवटून दुसरी आले. परत येताना आगगाडीच्या खिडकीशी बसून मी खूप रडले. बरोबरच्यांना वाटलं, हरले म्हणून रडते आहे. माझ्यापुढे मरळीचे पाय नव्हते, ज्यांच्या मागे जावं असा फेस नव्हता, आणि मला पोहताच आलं नव्हतं. त्यानंतर मीही शर्यती सोडल्या. पण माझं सोडणं म्हणजे घरातली जुनी छत्री टाकून देणं. मरळीने सोडलं तेव्हा रोह्याच्या नदीतून काहीतरी गेलं. लोक अजूनही म्हणतात, ती पोर टिकली असती तर देशासाठी पोहली असती. हे म्हणणारे तिला टिकवायला कधी वाडीपर्यंत गेलेले मला आठवत नाहीत.

लग्न होऊन मी पेणला आले. मरळीचं लग्न झालं, नवऱ्याबरोबर ती भट्ट्यांवर फिरत राहिली. नागोठण्याला मोठी कंपनी आली तेव्हा तिथे खोदकामावर तिला पाहिल्याचं कुणी सांगितलं. मधली कित्येक वर्षं एवढ्या एका बातमीवर गेली. मग एकदा गणपतीची मूर्ती सांगून ठेवायला मी पेणजवळच्या जोह्याला गेले. जोह्यात घरोघर गणपतीचे कारखाने. एका कारखान्याच्या ओसरीवर ओळीने सोंडा वाळत घातलेल्या, आणि पलीकडे एक बाई शाडूची माती तुडवत होती. तिचे खांदे बघून मी थांबले. असे खांदे माझ्या आयुष्यात मी एकाच बाईचे पाहिले होते, तेही सदैव मागून.

"मरळ," मी म्हटलं.

तिने वर पाहिलं. केस पिकलेले, पुढचा एक दात गेलेला. ओळखायला तिला क्षणभर लागला. मग म्हणाली, "पापलेट गो! केवढी जाडी झाल्यास."

त्या ओसरीवर बसून आम्ही चहा प्यायलो. पावसाळा सोडून ती आता जोह्यातच असायची, माती मळायची, साच्यात भरायची. मी भीत भीत विचारलं, पाण्यात उतरतेस का? ती म्हणाली, "नाय उतरून कसा चालल? पानी काय माजा दुश्मन हाय? पानी तेच हाय, मी चुकले." मी म्हटलं, तू कुठे चुकलीस, तुला तसं शिकवलं होतं. तेव्हा तिने ती ओढ्याची हकीकत सांगितली. सांगताना माती झाकायचं ओलं फडकं ती घट्ट पिळत राहिली. शेवटी म्हणाली, "मी इचारला गो. इचारला नाय असा नाय. पन उत्तराला थांबले नाय. इचारून थांबायचा नसल, तर इचारायचा कशाला?"

तिने माझ्या पाठीवर मातीचा हात ठेवला. साडीवर पाच बोटं उमटली. ती साडी मी पुढे कितीतरी दिवस धुवायला टाकली नाही.

त्या वर्षीपासून आमचा एक पायंडा पडला. आमच्या घरात पाण्यात उतरणारी मी एकटी. यजमानांना बादलीतल्या पाण्याचीही धास्ती. त्यामुळे गौरीबरोबर आमचा गणपती जायचा तो माझ्या हातून. मरळ विसर्जनाला वाडीतून पेणच्या नदीवर यायची. ज्यांना पोहता येत नाही अशांचे गणपती ती पाटावर घेऊन आत न्यायची, छातीभर पाण्यात जाऊन हलकेच सोडायची. आपणच मळलेली माती आपणच पाण्याला परत द्यायची. कुणी नारळ द्यायचं, कुणी मोदक, कुणी काहीच नाही. आमची पाळी आली की ती पुढे व्हायची आणि मी गणपती घेऊन तिच्या मागे. पायाने तळ चाचपत ती वाट दाखवायची. आणि मध्ये थांबून, मान वळवून, "हाय का?"

"हाय."

ती लगेच पुढे जायची नाही. माझा चेहरा नीट बघून घ्यायची, मगच पाऊल टाकायची. मागे रांगेतले लोक कुरकुरायचे, चला हो, उशीर होतोय. मरळ त्यांना जुमानायची नाही. एवढ्या वर्षांत मी तिच्या मागे किती वेळा पोहले, किती वेळा हरले, त्या सगळ्याचं मला या एका क्षणात भरून मिळायचं. मागे कोणीतरी आहे याची ती काळजी करत होती, आणि ते कोणीतरी मी होते.

मागच्या वर्षी विसर्जन करून आम्ही घाटावर ओल्या साड्या पिळत बसलो होतो. ती खोकत होती. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. "दाखवीन," म्हणाली. मग मी इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं, कलकत्त्याला गेली असतीस तर, असं कधी वाटतं का गं? तिने नदीकडे बघितलं. "वाटतं तर. खोटा कशाला बोलू? जितले असते मी." मग साडीचा पिळा झटकत म्हणाली, "आन् जितून वळले असते, तर पाठी कोन व्हता?"

यंदा गणपती सांगायला जोह्याला गेले तेव्हा मातीपाशी दुसरी बाई होती. कारखानदार म्हणाला, "मरळ ना? ती गेली की वहिनी. शिमग्याच्या आसपास. खोकल्यानंच नेली. तुम्हाला कुणी सांगितलं नाय?" मला कोण सांगणार? वाडीतल्यांना माझं घर ठाऊक नव्हतं. मी ओसरीच्या कडेला बसून राहिले. नव्या बाईने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. पुढे वाडीत जाऊन आले. वरच्या अंगाला बारकीशेजारीच तिला ठेवलं आहे. पुढे कोण आणि मागे कोण, हे आता त्या दोघींचं त्या बघून घेतील.

गौरीच्या विसर्जनाला मी गणपती घेऊन पाण्यात उतरले. गुडघे पूर्वीचे राहिले नाहीत. पायाने तळ चाचपत, एक एक पाऊल टाकत गेले. कंबर, पोट, छाती. मध्येच लक्षात आलं की इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पुढे आहे, माझ्यापुढे कुणाचे खांदे नाहीत. काय झालं कळलं नाही, माझी मान आपोआप मागे वळली आणि तोंडातून निघून गेलं, "हाय का?"

मागे मोकळं पाणी होतं. घाटावर दिवे, झांजा, माणसं. यजमान हात हलवत होते. "अहो, सोडा की आता!" कुणीतरी ओरडलं, "काकू, पुढे व्हा, रांग थांबलीय!"

उत्तर आलं नाही की पुढे जायचं नसतं. गणपती छातीशी धरून मी थांबले.